पाइन बोन्सायसाठी कृत्रिम खडक: सांगाडा, माल, चुना आणि निचरा

रानजाई
जपानी ब्लॅक पाइनसाठी सिमेंटचा पोकळ खडक करायचा आहे. झाडाच्या बुंध्याचा व्यास ४ सेंमी आहे, उंची ३० सेंमी, आणि घडण अर्ध्या कडेलोटाची, म्हणजे हान-केंगाई. मुख्य फांदी कुंडीच्या काठाखाली साधारण १० सेंमी उतरते. खडक ४५ सेंमी लांब, ३० सेंमी खोल आणि ३५ सेंमी उंच हवा. एवढा खरा दगड गच्चीवर चढवणं आणि त्यात खळगा कोरणं, दोन्ही अवघड आहे.
प्रश्न असे: आत थर्माकोल ठेवावा की जाळीचा सांगाडा करावा? मालाचं प्रमाण काय? सिमेंटचा चुना पाइनला किती बाधतो आणि लागवडीआधी किती थांबायचं?

कातळरेषा
तुम्ही प्रश्न बाहेरून आत विचारलेत. खडकाचं काम आतून बाहेर करा. आधी मुळांचा खळगा ठरवा, मग निचऱ्याची भोकं, मग सांगाडा, आणि शेवटी दगडाचं रूप. सुंदर कडा घडवून झाल्यावर त्यात खळगा बसवायला गेलं की तो हमखास उथळ होतो, आणि उथळ खळग्यात पाइनची मुळं कुजतात.

खळगा २५ × १८ सेंमी आणि खोली १० सेंमी धरा. साधारण साडेचार लिटर मिश्रण मावेल. खोलीत काटछाट नको. कारण असं: मिश्रणाच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो आणि भोकं कितीही पाडली तरी तो जात नाही. भिजलेला स्पंज आडवा धरा, गळायचा थांबला की उभा करा. पुन्हा पाणी गळेल. उथळ खळगा हा आडवा स्पंज आहे.

दुसरी गोष्ट तोंडाची. खळग्याचं तोंड तळापेक्षा रुंद हवं, निदान दोन्ही बाजूंना १ सेंमी. नैसर्गिक दिसावं म्हणून काठ आत वळवायचा मोह होतो. मग तीन-चार वर्षांनी माती बदलायची वेळ आली की मुळांचा गोळा बाहेर निघत नाही, आणि खडक तरी फोडावा लागतो किंवा मुळं तरी कापावी लागतात.

तळाला २५ सेंमीत १ सेंमी उतार द्या. सर्वात खालच्या टोकाला २० मिमीची दोन भोकं, वरच्या टोकाला एक. त्यासाठी २० मिमी पीव्हीसी पाइपाचे तुकडे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून सांगाड्यात उभे करायचे, माल घट्ट झाला की पिळून काढायचे. झाड बांधायच्या तारेसाठी चार बारीक भोकं वेगळी हवीत. बॉलपेनच्या रिकाम्या नळ्या तेल लावून रोवल्या की काम होतं.

बोन्सायची अॅल्युमिनियमची तार मालात गाडून ठेवू नका. ओल्या सिमेंटच्या अल्कलीशी अॅल्युमिनियमची क्रिया होते, हायड्रोजन सुटतो, तारेभोवतीचा माल फुगून पोकळ होतो. भोकं ठेवा, तार नंतर ओवा.

घमेले
थर्माकोल की जाळी, यावर माझं मत जाळीच्या बाजूने. थर्माकोल ठेवला तर वजन वाढत नाही हे खरं, पण मालाची पकड त्यावर बसत नाही, आणि भोकांतलं पाणी कवच आणि थर्माकोल यांच्यामध्ये शिरून साचतं. थर्माकोल आकार धरण्यापुरता वापरा आणि नंतर खालून कोरून काढा. पेट्रोल ओतून विरघळवू नका, चिकट राळ आत राहते आणि आगीचा धोका वेगळा.

सांगाडा असा: ६ मिमी सळईची तळाची चौकट, तीवर चार-पाच वाकवलेल्या उभ्या सळया, सांधे बाइंडिंग वायरने पिळलेले. त्यावर चिकन मेशचे दोन थर, एकाचे डोळे दुसऱ्याच्या डोळ्यांवर येऊ न देता. दर ७-८ सेंमीवर तारेचा एक टाका घाला. हाताने दाबल्यावर जाळी लवायला नको. जाळी हलली तर माल सुकताना तडकतो.

हिशेब: वर निमुळता होत जाणाऱ्या या आकाराचं पृष्ठफळ साधारण अर्धा चौरस मीटर. दोन थर मिळून २० मिमी जाडी धरली तर १० लिटर माल, वाया जाणारा धरून १२ लिटर. १ भाग सिमेंट आणि २ भाग वाळू या प्रमाणात सिमेंट पावणेआठ किलो, चाळलेली वाळू १७ किलो. पाणी ३ लिटर, फार तर सव्वातीन. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. थापायला सोपं जावं म्हणून पाणी वाढवलं की भेगा ठरलेल्या. माल मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि बोटांतून पाणी गळू नये.

पॉलिप्रॉपिलीनचे ६ मिमी तंतू घाला. बाजारात ५० किलोच्या गोणीला १२५ ग्रॅमची पुडी मिळते, त्या हिशेबाने तुम्हाला २० ग्रॅम पुरतील. ते कोरड्या मालात हाताने मोकळे करून मिसळायचे, पाणी पडल्यावर घातले की गुठळ्या होतात. साधा काचेचा तंतू नको, सिमेंटची अल्कली तो खाऊन टाकते. काचेचाच हवा असेल तर अल्कलीला टिकणारा, एआर जातीचा घ्या.

तयार झालेलं कवच २२ ते २५ किलो भरेल. दोघांनी उचलायचं.

रानजाई
सिमेंट ५३ ग्रेडचं घेऊ ना? जास्त ताकदीचं आहे म्हणून विचारते.

घमेले
नको. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, घ्या. इथे ताकद कमी पडत नाही, त्रास मोकळ्या चुन्याचा आहे. पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख असते आणि ती सिमेंट भिजताना सुटणारा चुना बांधून घेते. माल दाटही होतो. फक्त ती क्रिया सावकाश होते, म्हणून पाणी जास्त दिवस मारावं लागतं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला १०, आणि कोरड्या उन्हाळ्यात १४. गोणपाट गुंडाळून वरून प्लॅस्टिक टाका. सकाळ-संध्याकाळ गोणपाट भिजवलं की झालं. भर उन्हात काम करू नका. पहिल्या दिवशीच्या केसासारख्या भेगा वाऱ्याने आणि उन्हाने पडतात.

दोन थरांमधलं अंतर महत्त्वाचं. पहिला थर ८ ते १० मिमी, जाळीच्या आतबाहेर शिरेल असा दाबून. त्याला तारेच्या ब्रशने ओरखडे पाडून ठेवा. दुसऱ्या दिवशी भिजवा, वरचं पाणी टिपू द्या, सिमेंट आणि एसबीआर लॅटेक्स (थर चिकटवणारा रबरी द्रव) यांचा पातळ हात मारा, आणि तो ओला असतानाच दुसरा थर चढवा. लॅटेक्सचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं तेच घ्या. हा हात सुकू दिला तर तो चिकटवण्याऐवजी दोन थर वेगळे करतो. वर्षभराने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येणारे खडक बहुतेक याच चुकीचे असतात.

जाळीवर कुठेही ८ मिमीपेक्षा कमी माल नको. टोकं आणि कडा इथेच गंज फुटतो.

सूचिपर्ण
खळग्याच्या मापाशी सहमत. लागवडीची वेळ मात्र आताच ठरवून कामाला लागा. ब्लॅक पाइन हलवायचा तो हिवाळा सरताना, कळ्या मेणबत्तीसारख्या लांबू लागण्याच्या आधी. आपल्याकडे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. त्यातून उलटं मोजलं तर खडक ऑक्टोबरात घडवून व्हायला हवा. दिवाळीनंतर सुरू केलं तर घाई होते आणि चुना धुवायला वेळ उरत नाही.

चुन्याबद्दल. पाइनला ५.५ ते ६.५ सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) मानवतो. ताज्या सिमेंटच्या पाण्याचा सामू १२ च्या वर असतो. मुळं लगेच मरत नाहीत, पण लोह शोषता येत नाही. नवीन सुया पिवळ्या आणि जुन्या हिरव्या, ही त्याची खूण. जुन्या सुया आधी पिवळ्या पडत असतील तर कारण दुसरं, बहुधा नत्र कमी किंवा सुयांचं वय झालेलं.

घमेलेदादा म्हणतात तसं पाणी मारून झालं की:
खडक पाण्यात पूर्ण बुडवा, किंवा भोकं बंद करून खळगा काठोकाठ भरा. रोज पाणी बदला, १२ ते १५ दिवस. मग ४ ते ६ आठवडे आलटून पालटून ओला-कोरडा करत सावलीत ठेवा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पृष्ठभागाचा चुना कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि पाझर मंदावतो. सतत बुडवून ठेवल्याने हे होत नाही, त्याला हवा लागते. शेवटी खळग्यात २४ तास पाणी ठेवून सामूपट्टी बुडवा. पट्टी आणि नळाचं पाणी यांत अर्ध्या अंकापेक्षा जास्त फरक नसेल तर लावायला हरकत नाही.

व्हिनेगर वापरायचं तर १० लिटर पाण्यात १ लिटर, एकदाच, अर्धा तास, नंतर भरपूर धुवा. फरशी साफ करायचं आम्ल अजिबात नको. त्यातलं क्लोराइड मालात मुरतं आणि आतली सळई गंजवतं.

पाझर
खळग्याला आतून इपॉक्सीचे दोन हात मारले तर ही सगळी कटकट वाचेल ना? पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांना मारतात ती.

सूचिपर्ण
चालते, पण माल पूर्ण सुकलेला असेल तरच. आत ओल राहिली तर महिन्याभरात फोड येतात, ते फुटतात, आणि त्यांच्यामागे पाणी साचतं. त्या आधी माल थापल्यापासून २८ दिवस पूर्ण व्हावे लागतात, म्हणजे वेळ फारसा वाचत नाही. डांबरी लेप मात्र कुठल्याही परिस्थितीत नको, एप्रिलच्या उन्हात मऊ पडतो.

आणखी एक सांगते, कारण सगळा दोष सिमेंटच्या माथी जातो. दख्खनच्या बसाल्टातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातलं बायकार्बोनेट वर्षानुवर्षं मिश्रणात साठत जातं. नीट धुतलेल्या खडकापेक्षा हे पाणी सामू जास्त वर नेतं. पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवा, निदान आठवड्यातून एकदा तेच घाला. लोह द्यायचंच झालं तर हिराकस नको, चढ्या सामूत तो लगेच निकामी होतो. ईडीडीएचए चिलेट, म्हणजे लोह विरघळलेलं धरून ठेवणारं खत, घ्या. ईडीटीए चिलेट साडेसहाच्या वर टिकत नाही.

रानजाई
रूपाबद्दलही सांगा. सह्याद्रीच्या कड्यासारखा करावा असं मनात आहे.

कातळरेषा
इथे थोडं थांबून विचार करा. सह्याद्रीचा कडा म्हणजे लाव्ह्याचे थर. आडव्या पायऱ्या, त्यांच्यामध्ये सरळ उभ्या भिंती, कुठे तांबड्या मातीचा पट्टा, कुठे गॅसच्या फुग्यांनी पडलेली छिद्रं. त्या कड्यांवर पाइन नाही. तिथे फटीत पायर (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) उगवते, उंबर उगवतो. बसाल्टाचा खडक करून त्यावर पायर लावलीत तर ते दृश्य आपलं आणि खरं असेल, आणि उष्ण हवेत पायर पाइनपेक्षा कितीतरी सोपी.

पाइनसाठी बघायचा तो चीनच्या आनहुई प्रांतातला ह्वांगशान. तो ग्रॅनाइट आहे. तिथले पाइन उभ्या भेगांमध्ये मुळं रोवून उभे असतात, माथा सपाट, फांद्या एका बाजूला झेपावलेल्या. चिनी चित्रांतला कड्यावरचा पाइन बराचसा तिथूनच आलेला. ग्रॅनाइटच्या भेगा लांब आणि उभ्या असतात, एकमेकींना जवळपास समांतर. त्यांच्या कडा झिजून गोलसर झालेल्या, आणि भेगांमधले पट्टे कमी-जास्त रुंदीचे. तुमच्या अर्ध्या कडेलोटाच्या झाडाला उभ्या रेषाच साथ देतील. आडव्या पायऱ्या केल्यात तर खाली उतरणारी फांदी प्रत्येक पायरीवर अडखळल्यासारखी दिसेल.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सर्व बाजूंनी सारख्याच सुरकुत्या. खऱ्या दगडाला एक दिशा असते. तीन मोठ्या भेगा आधी ठरवा, तळापासून माथ्यापर्यंत, असमान अंतरावर. त्यातली एक खळग्याच्या काठाला मिळू द्या, म्हणजे झाड त्या भेगेतून आलं असं वाटेल. बारीक रेषा या तीन भेगांना धरून. पुढचा अर्धा भाग जवळजवळ कोरा ठेवा. कोरी जागा असली की खडक मोठा भासतो.

कोरायची वेळ: दुसरा थर दिल्यावर हवामानाप्रमाणे ३ ते ५ तासांनी, अंगठा दाबल्यावर ठसा पडेल पण माल बोटाला चिकटणार नाही तेव्हा. मोठ्या भेगा जुन्या सुरीने, ओढून नव्हे तर तुकडे मोडून. ओढलेली रेष चाकूची रेष म्हणूनच दिसते. पोत आणायला खरा ग्रॅनाइटचा ढेकूळ पातळ प्लॅस्टिकवरून दाबा. ६ ते ८ तासांनी ओल्या स्पंजाने वरची सिमेंटची साय पुसा, वाळूचा कण उघडा पडतो. एवढ्याने सिमेंटपणा अर्धा जातो.

रंग मालातच मिसळा, वरून ऑइलपेंट नको. ब्लॅक ऑक्साइड आणि थोडा येलो ऑक्साइड, दोन्ही मिळून सिमेंटच्या ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे पावणेचारशे ग्रॅमच्या आत. त्याहून जास्त घातला तर माल कमजोर होतो. ओला माल फार गडद दिसतो, सुकल्यावर दोन छटा फिका पडतो, म्हणून आधी मूठभर मालाची टिकली करून वाळवून पाहा.

घमेले
तोल राहिला. फांदी पुढे झुकते, झाडाचा भार पुढे येतो, आणि गच्चीवर वारा असतो. खळगा मागच्या दोन-तृतीयांश भागात घ्या आणि मागच्या टाचेत तीन-चार किलो साधा काँक्रीटचा गोळा भरा. खडक सगळ्या काठावर न टेकता तीन पायांवर टेकू द्या, २ सेंमी उंच. चार पाय असले की एक हमखास अधांतरी राहतो. पायांमुळे खालची पोकळी हवेशीर राहते. काठ जमिनीला टेकला तर आत पाणी साचून डास होतात.

मेपलवाट
कॅनडातून लिहितोय. इथे हाच खडक हिवाळ्यात बाहेर ठेवायचा तर मालातलं पाणी गोठून कवच फोडतं. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत आणि मालात हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरून ठेवणारं मिश्रक, या दोन्ही गोष्टी लागतात. खळग्याच्या भिंती सरळ उभ्या नकोत, वर फाकलेल्या हव्यात. गोठलेली माती फुगते तेव्हा तिला वर सरकायला जागा मिळते. कातळरेषांनी माती बदलण्यासाठी सांगितलेला उतार इथे खडक वाचवायला कामी येतो. सिमेंटमध्ये कोकोपीट आणि परलाइट घालून केलेला हलका माल, म्हणजे हायपरटुफा, इथे कमी टिकतो, तो पाणी पितो.

पाझर
आपल्याकडे हायपरटुफा का नको? वजन निम्मं होईल.

घमेले
होईल, आणि उथळ ताटलीसाठी तो चांगला. पण त्यात बारीक कोरीव रेषा टिकत नाहीत, कडा झडतात. तेवढ्याच ताकदीसाठी जाडी ४ ते ५ सेंमी लागते, मग वाचलेलं वजन परत येतं.

सूचिपर्ण
आता लागवड. मिश्रण: ३ ते ६ मिमीचा प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड) २ भाग, कोकणातल्या जांभ्याचा चाळलेला चुरा २ भाग, चांगल्या भाजलेल्या विटेचे तुकडे १ भाग. ३ मिमीखालचं सगळं चाळून टाका. अकादामा (जपानी दाणेदार माती) मिळत असेल तर जांभ्याऐवजी घाला, पण जांभा वाईट नाही. पाण्यात रात्रभर ठेवून बोटाने चुरगळला तर तो टाकून द्या.

काठावर जिथे मुळं दगडावर टेकवायची, तिथे जपानात केतो नावाची काळी चिकट दलदलीची माती वापरतात. तिच्याऐवजी आपली काळी माती घेऊ नका. ती सुकली की आकसते, भेगा पडतात आणि पहिल्या उन्हाळ्यात गळून पडते. कुंभाराची माती आणि बारीक कापलेलं स्फॅग्नम मॉस समान मापाने मळून घ्या. काठाला ३ सेंमी उंच बांध घाला, खळग्याच्या आत भरू नका.

मुळं एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका आणि पूर्ण धुऊ नका. जुन्या मातीत पांढरी बुरशी दिसते तीच पाइनच्या मुळांची सोबतीण, तिची ओंजळभर माती नव्या मिश्रणात घाला. गोळ्याची एक बाजू यंदा सोडवा, दुसरी पुढच्या खेपेला. झाड तारेने इतकं घट्ट बांधा की बुंधा धरून हलवला तर खडक हलावा. सैल झाडाची नवी मुळं वाऱ्याने तुटत राहतात.

रानजाई
उन्हाळ्याचं काय? काळपट खडक तापेल.

सूचिपर्ण
तापतो, आणि पश्चिमेची बाजू सर्वात जास्त. पाइनच्या पानांना पूर्ण ऊन हवं, मुळांना नको. मार्चपासून खडकाच्या पश्चिमेला दुसरी मोठी कुंडी ठेवा, सावली फक्त खडकावर पडेल अशी. ५० टक्के शेडनेट लागलं तर दुपारपुरतं, एप्रिल-मेमध्ये. तापलेल्या खडकावर भर दुपारी गार पाणी ओतू नका. सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर पाणी घाला. पावसाळ्यात खडकाच्या मागच्या पायांखाली चकती सरकवून तो भोकांच्या बाजूला किंचित कलता ठेवा. घमेलेदादा, कलला तरी तोल राहील ना?

घमेले
१ सेंमीची चकती चालेल, त्याहून जास्त नको. आणि भोकं पुढच्या बाजूला असतील तरच हा कल कामाचा. म्हणून खळग्याचा उतार पुढे काढा. सांगाडा बांधायच्या आधी हे खडूने फळीवर आखून घ्या, पाइपाचे तुकडे एकदा रोवले की जागा बदलता येत नाही.